सात हत्यारांची गिनती

“लिंबाजी, रंधा ठेव अन् चल,” जब्बारभाई म्हणाले. “एक म्हातारा आलाय कामाला. शेठ म्हणतात, आधी हात बघा. हात तू बघ. लाकडातलं माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.”

जब्बारभाई आमचे फोरमन. जालन्याबाहेर, औद्योगिक वसाहतीच्या अगदी टोकाला, शाळांची बाके बनविण्याचा तो कारखाना होता आणि मी तेथे आठ महिन्यांपासून सुतार म्हणून कामास होतो. अंगावरील भुसा झटकून मी त्यांच्या मागोमाग निघालो. परीक्षा घेण्याइतकी आपली योग्यता झाली, याचा मनात किंचित अभिमानही होता.

दरवाजाशी, फळ्यांच्या थप्पीजवळ, तो म्हातारा उभा होता. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात नवा सदरा. सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. काखेत कापडी पिशवी. त्याने मान वर केली.

ते केरूअण्णा होते.

ज्यांनी मला रंधा कसा धरावा येथपासून सर्व शिकविले, ते हे केरूअण्णा. आमची शाळा म्हणजे मध्यवर्ती तुरुंगाचा सुतारकारखाना. तेथे मी सहा वर्षे आठ महिने काढले होते. पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात मी उचललेला दगड आमच्या शेजारच्या अंकुशच्या कपाळावर बसला आणि तो पुन्हा उठला नाही, हा माझा गुन्हा. ही गोष्ट त्या कारखान्यात एकासही ठाऊक नव्हती. कामाचा फॉर्म भरताना “आपणांस कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?” या प्रश्नापुढे मी “नाही” असे लिहिले होते.

येथे वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुटणाऱ्या कैद्यास निरोप देताना आतील लोक एक नियम बजावून सांगतात. बाहेर दोघांची गाठ पडली तर, ज्याचा जम बसला आहे त्याने आधी हात जोडावेत. मगच दुसऱ्याने जोडावेत. त्याने न जोडले, तर नव्याने सुटलेल्याने परक्यासारखे बाजूला व्हावे आणि मनात राग धरू नये. कारण ओळख दाखविली की पहिला प्रश्न येतो, “कुठली ओळख?”

अण्णा माझ्याकडे पाहत उभे होते. हात पिशवीवर होते.

मी हात जोडले नाहीत.

“हे आमचे लिंबाजी मिस्त्री,” जब्बारभाई म्हणाले. “चाचा, हे सांगतील तसं करायचं.”

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि मला विचारते झाले, “आपलं नाव काय म्हणालात?”

सहा वर्षे ज्या माणसाने मला “लिंब्या” याखेरीज हाक मारली नाही, तो मला “आपलं” म्हणत होता.

“लिंबाजी. लिंबाजी तौर.”

“चांगलं नाव आहे,” ते म्हणाले.

मी त्यांना माझ्या शेजारच्या रिकाम्या बाकड्यावर नेले. चार सांध्यांची एक चौकट जेवणाच्या सुटीपर्यंत करून दाखवायची, असे सांगितले. हत्यारे माझीच दिली: एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, लाकडी मोगरी, काटकोन पाहण्याचा गुण्या आणि हातोडी. अण्णांनी रुंद पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरविला. धार बोथट होती; आठवडाभर मी ती लावली नव्हती. तुरुंगात असे आढळले असते तर त्यांनी पटाशीच्या मुठीने माझ्या डोक्यात टपली मारली असती आणि म्हणाले असते, “लिंब्या, बिनधारेचं हत्यार लाकूड सोडून हात कापतं रे.” येथे मात्र त्यांनी शांतपणे निसणा मागून घेतला, त्यावर पाणी शिंपडले आणि धार लावावयास बसले.

मी माझे काम करू लागलो, परंतु लक्ष लागेना. अण्णा येथे कसे आले, हे मला पूर्णपणे ठाऊक होते. मीच त्यांना बोलाविले होते. नोकरी लागली त्याच आठवड्यात मी तुरुंगाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकले होते: “अण्णा, बाकांच्या कारखान्यात लागलो. मालक भला माणूस आहे. आपण सुटलात की सरळ इकडेच यावे. माझ्या शेजारचे बाकडे रिकामे आहे.” ते कार्ड लिहिताना माझे डोळे भरून आले होते, हे मी खोटे सांगत नाही. परंतु पोस्टकार्ड लिहिणे निराळे आणि अण्णा समोर उभे राहणे निराळे.

आम्हां दोघांचे एकमेकांवर ऋण होते. त्यांनी मला सुतारकी दिली. मी त्यांना अक्षरे दिली. माझे शिक्षण सातवीपर्यंतच, तथापि तुरुंगाच्या ग्रंथालयातील दोन कपाटे मी वाचून संपविली होती आणि त्या तोऱ्यात मी त्यांचा गुरुजी झालो. रंधलेल्या फळीवर शिसपेन्सिलीने ते गिरवीत आणि मी तपासून झाले की रंध्याचा एक हात मारून फळी पुन्हा कोरी करीत. “ह” त्यांना कधी साधला नाही. त्यांच्या “ह”चे पोट नेहमी सुटलेले असे. मी म्हणे, “अण्णा, तुमच्या ह ला आठवा महिना लागलाय.” ते म्हणत, “असू दे रे. बाळंत होईल तवा सडपातळ होईल.”

वर्षातून दोनदा एक वकील बाई कैद्यांस कायदा समजावून सांगावयास येत. त्यांचे एक वाक्य अण्णांनी मनावर कोरून घेतले होते. आमच्यात त्यावरून वादही होई.

“शिक्षा भोगली की देणं फिटलं,” अण्णा म्हणत. “काम मागायचा हक्क आपल्यालाबी हाये. पण खरं सांगून मागायचं. खोटं लिहून मागितलं की हक्क आपणच मोडला.”

“अण्णा, खरं लिहिल्यावर कोण देतंय?”

“न देणाऱ्याचं पाप न देणाऱ्याला. आपण आपला कागद सरळ ठेवावा.”

सुटल्यानंतर मी माझा कागद चार ठिकाणी सरळ ठेवला. पहिल्या दोन ठिकाणी “कळवू” म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी शिपायानेच बाहेर काढले. चौथी एक लाकडाची वखार होती. तेथील मालकाने माझा फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहून सौजन्याने हसला, आणि बोलता बोलता टेबलावरची कात्री उचलून खणात ठेवली. त्या कात्रीनंतर मी पाचव्या ठिकाणी “नाही” लिहिले. पाचवे ठिकाण म्हणजे हा कारखाना. नोकरी लागली म्हणून माझी पत्नी शेवंता सात वर्षांनी माहेराहून माझ्या खोलीवर आली होती. तिचा भाऊ तिला पोहोचवावयास आला तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला होता, “नोकरी हाय तवर ठेवतो भाऊजी. नोकरी गेली की बहीण माझी.”

हे सर्व त्या सकाळी माझ्या डोक्यात करवतीसारखे पुढे-मागे होत होते.

सुटीच्या आधीच अण्णांची चौकट झाली. लाकडाच्या टोकाचे कुसू खाचेत बसविताना त्यांनी मोगरीचे दोनच ठोके दिले. सांध्यावर नख ठेवले तर नख अडकत नव्हते. फॅक्टरीतील पॉलिशवाल्या सुभद्राबाई हातातला बोळा ठेवून पाहावयास आल्या. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “हे तर एकाच लाकडाचं उगवल्यावानी दिसतंय.”

सुराणा शेठ केबिनमधून बाहेर आले. ठेंगणे, गोरे, बोलण्यास मऊ. त्यांनी चौकट उचलली, एका कोपऱ्यावर फरशीवर आपटली, पुन्हा पाहिली.

“असा सांधा माझ्याकडे एकच माणूस करतो,” शेठ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. “बाबा, कुठं शिकलात?”

“तुरुंगात, शेठ,” अण्णा म्हणाले. “फॉर्मात लिहिलंय तसं.”

करवती थांबल्या. कोणी मुद्दाम थांबविल्या नाहीत, त्या थांबल्या.

“वाचलं मी,” शेठ हळू आवाजात म्हणाले. “पण म्हटलं, हात बघू आधी.” आणि त्यांनी मला खुणेने थप्पीच्या आड नेले. जब्बारभाईही आले.

“लिंबाजी, ऐक. माझी ना नाही,” शेठ म्हणाले. “माणूस खरं बोलतो, काम सोन्यासारखं करतो. पण बसणार तो तुझ्या शेजारी. दिवसभर तुझ्याबरोबर. उद्या कामगार कुरकुर करायला लागले तर मला कारखाना चालवायचाय. तू इथला सगळ्यात सरळ माणूस. तू हो म्हणालास तर बाकीचे बोलणार नाहीत. सांग, उद्यापासून येऊ देऊ का?”

“अरे मियाँ, बोल की,” जब्बारभाई म्हणाले. “म्हाताऱ्याचा हात बघितलास ना? असा हात मिळत नाही.”

एक “हो” पुरेसा होता. आजही मला तो “हो” तोंडात धरल्यासारखा जाणवतो. परंतु त्या क्षणी माझ्या मनात निराळेच चक्र फिरत होते. दोघांचा सांधा सारखा. शेठच्या ध्यानी आलेच आहे. दोघे शेजारी बसलो की महिन्याभरात कोणीतरी विचारील, “लिंबाजी, तू कुठं शिकलास?” अण्णा खोटे बोलणार नाहीत. आणि शेवंताचा भाऊ उंबऱ्याबाहेर उभाच आहे.

“शेठ,” मी म्हणालो, “इथं बायामाणसं कामाला आहेत.”

एवढेच. याहून एक शब्दही मी अधिक बोललो नाही.

जब्बारभाईंनी माझ्याकडे पाहिले आणि तोंडातील सुपारी बाजूला थुंकली. शेठ क्षणभर जमिनीकडे पाहत राहिले. मग ते अण्णांकडे गेले. “बाबा, सध्या जागा निघत नाही. पुढं निघाली तर कळवतो.”

“बरं,” अण्णा म्हणाले. त्यांच्या स्वरात काहीही नव्हते.

त्यानंतर जे घडले ते त्या कारखान्यात माझ्याखेरीज कोणासही समजले नाही.

अण्णांनी एकेक हत्यार धोतराच्या सोग्याने पुसले आणि बाकड्यावर ओळीने मांडले. आधी करवत, मग रंधा, मग रुंद पटाशी, अरुंद पटाशी, मोगरी, गुण्या, हातोडी. धारा भिंतीकडे, मुठी माणसाकडे. मग ते दोन पावले मागे सरले, हात पाठीमागे घेतले, आणि मान खाली घालून उभे राहिले.

तुरुंगात संध्याकाळी काम सुटले की असेच उभे राहावयाचे असते. पटाशी म्हणजे शस्त्र. एक जरी कमी भरली तर साऱ्या बराकीची झडती. म्हणून जमादार येतो, प्रत्येक बाकड्यासमोर मोठ्याने हत्यारे मोजतो आणि शेवटी म्हणतो, “गिनती भरली.” तो शब्द कानी पडेपर्यंत कैद्याने पाऊल उचलावयाचे नसते. अण्णांनी सतरा वर्षे हे केले होते आणि त्यांना सुटून आठच दिवस झाले होते. स्वतः मलाच ही सवय मोडावयास दोन महिने लागले होते. त्या दोन महिन्यांत मी रोज संध्याकाळी बूट बांधण्याचे निमित्त करून बाकड्यापाशी खाली बसत असे, जेणेकरून मी उभा राहिलो आहे हे कोणास दिसू नये.

“बाबा, आता कशाची वाट बघताय?” सुभद्राबाईंनी विचारले. त्यांच्या मनात वाईट नव्हते. “चहा पाहिजे का?”

अण्णा हलले नाहीत.

“शेठची आरती व्हायची राहिली असंल!” मागून कोणी ओरडले. हशा पिकला.

“अहो, प्रसादाला थांबलेत ते!”

मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. सात हत्यारे होती. मी ती मनात मोजली. मोठ्याने मोजली असती तर ते मोकळे झाले असते. परंतु मोजण्याचा तो स्वर, ती चाल, शेवटचे ते दोन शब्द माझ्या तोंडून निघाले असते, तर हे मी कोठे ऐकले, हे सांगावे लागले असते. मी रंधा उचलला आणि आधीच गुळगुळीत असलेल्या फळीवर फिरवू लागलो.

अखेरीस जब्बारभाईंनी त्यांचा दंड धरला. “चला चाचा. फाटकापर्यंत येतो मी.”

अण्णा दचकून जागे झाल्यासारखे झाले. त्यांनी एकवार हत्यारांकडे पाहिले, एकवार माझ्याकडे पाहिले. “पटाशीला धार लावलीय, लिंबाजीराव,” ते म्हणाले. “आता आठ दिवस बघायला नको.”

आणि ते गेले. फळीवरचा भुसा मी पुसला नाही. सुटी झाली तेव्हा सर्व जेवावयास गेले. मी गेलो नाही. जब्बारभाई त्या दिवसापासून माझ्या डब्यात हात घालीनासे झाले.

यानंतर अडीच महिन्यांनी शेठने मला केबिनमध्ये बोलाविले. कारखान्यास लष्कराच्या एका शाळेची बाके बसविण्याचे काम मिळाले होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची पोलीस पडताळणी झाली होती. शेठसमोर दोन फायली उघड्या होत्या.

“बस,” शेठ म्हणाले. मी बसलो नाही. “लिंबाजी, हा तुझा कागद पोलिसांकडून आला. खरा आहे?”

“खरा आहे.”

“मग फॉर्मात नाही का लिहिलंस?”

चार ठिकाणच्या हकिकती त्यांना सांगाव्या असे मनात आले, परंतु त्या हकिकती सांगण्याचा हक्क मी त्या दिवशी थप्पीच्या आड गमाविला होता.

“गुन्ह्यासाठी काढत नाही तुला,” शेठ म्हणाले. तो माणूस खरोखरच भला होता. “तो तू भोगलास. पण खोटं लिहून दिलंस. उद्या लष्करवाले मला विचारतील. काय सांगू? माझ्या हातात नाही.”

“समजलं, शेठ.”

“आणि एक सांग मला.” त्यांनी दुसरी फाईल माझ्याकडे सरकविली. “तो म्हातारा, केरू गायवळ. तू होतास त्याच तुरुंगात, त्याच सालात. ओळखत होतास?”

“होय.”

“ओळखत होतास! आणि मी विचारलं तेव्हा...” शेठ खुर्चीत मागे रेलले. “मी त्याला घेणार होतो रे. मी तुला विचारलं होतं.”

“होय, शेठ.”

“अरे, पण मग तो तरी का बोलला नाही? तुझं नाव सांगितलं असतं तर काम झालं असतं की त्याचं. फॉर्मात जागाच आहे तशी. हे बघ.”

त्यांनी फॉर्मावर बोट ठेवले. मी वाकून पाहिले. सारा फॉर्म अण्णांनी स्वतःच्या हाताने भरला होता. ती मोठमोठी, एकेक ओळ सोडून खाली उतरणारी अक्षरे मी कोठेही ओळखली असती. “कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?” यापुढे लिहिले होते, “होय. सख्या भावाचा खून. दारुत झाला. शिक्षा पुरन भोगली.” वय, गाव, सर्व खरे. काहीही लपविलेले नाही.

अगदी खाली अकरावा प्रश्न होता. “या कारखान्यात आपल्या ओळखीचे कोणी काम करीत आहे काय? असल्यास नाव लिहावे.”

त्यापुढे लिहिले होते, “नाही.”

त्या “ह”चे पोट सुटलेले होते.

आपला कागद सरळ ठेवावा असे मला सहा वर्षे सांगणाऱ्या माणसाने त्या सबंध कागदावर एकच गोष्ट खोटी लिहिली होती, आणि ती माझ्याकरिता लिहिली होती. फाटकापाशी बसून, मला भेटण्याच्याही आधी. माझे पोस्टकार्ड त्या वेळी त्यांच्या पिशवीत असणार. मी त्यांना ओळख देईन की नाही, याचा भार त्यांनी कागदावर ठेवला नाही. तो त्यांनी माझ्यावर, माझ्या मर्जीवर सोडला होता.

“काय झालं?” शेठने विचारले. “पाणी हवंय?”

मला पाणी नको होते.

शेवंताचा भाऊ चौथ्या दिवशी आला. त्याने आवाज चढविला नाही, मीही नाही. तिने जाताना भांडी घासून पालथी घातली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पीठ डब्यात आहे.” ती पुढे दोन वर्षांनी परतली, परंतु ती हकीकत निराळी आहे.

मी अण्णांच्या शोधास निघालो. त्यांना घर नव्हते. ज्या घरात भाऊ मेला तेथे त्यांना कोण घेणार? मात्र त्यांची धाकटी बहीण गयाबाई परतूरच्या बाजूस एका खेड्यात राहते आणि राखी पौर्णिमेला तिचे पाकीट तुरुंगात न चुकता येते, हे मला ठाऊक होते. पाकिटावरचे गाव माझ्या ध्यानात होते.

मी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. पत्र्याचे दोन खणांचे घर, पुढे मातीचा ओटा, ओट्याला नवीन लाकडी कठडा. कठड्याचे सांधे पाहिले आणि घर विचारण्याची आवश्यकता उरली नाही. गयाबाई चुलीपुढे भाकरी थापीत होत्या. साठीच्या, वाळक्या, डोक्यावर पदर.

“कोण पायजे?”

“केरूअण्णा आहेत का?”

त्यांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिला पाण्याचा हात फिरविला, आणि मगच वर पाहिले. “गेला तो. आज बाविसावा दिवस.”

मी ओट्यावर बसलो.

“तू लिंबा का रे?” त्यांनी विचारले.

“आपण कसं ओळखलं?”

“दुसरं कोण येणार त्याला बघाया?” त्या म्हणाल्या. “लई सांगायचा तुझं. जालन्याला जाऊन आला ना, तवा म्हणाला, ‘गया, जागा नव्हती तिथं. पण आपला लिंबा मोठा मिस्तरी झालाय. बाकीच्यांच्या परीक्षा घेतो.’ सगळ्या गल्लीला सांगत सुटला. मी म्हणलं, मंग त्यानं नाही का लावलं तुला? तर म्हणाला, ‘त्याच्या हातात नव्हतं गं.’”

“मावशी,” मी काही वेळाने म्हणालो, “आपण त्यांना घरात कसं घेतलं? त्यांनी तर...”

“मारला तोबी माझा भाऊ, अन् मारणाराबी माझाच,” गयाबाई म्हणाल्या. “एक गेला तो गेला. दुसऱ्याला बाहेर ठिवून पहिला येणार होता का?” त्यांनी भाकरी उलटली. “काम मागाया रोज जायचा. कागद दाखवायचा, अन् परत यायचा. मंग इथंच कायबाय करीत बसायचा. कठडा केला, शेजारणीला पाट केला. अन् संध्याकाळ झाली की एक येडेपणा. हत्यारं ओळीनं मांडायची अन् उभं राहायचं. घरातच यायचा नाही! पहिल्या दिशी मी भ्याले. मंग मला म्हणाला, ‘गया, तू नुसती मोज, अन् भरली म्हण.’ मला कुठं मोजायची सवय? पण मोजायची मी. एक, दोन, तीन... भरली म्हणलं की मंग उंबरा वलांडायचा.”

“रोज?”

“रोज. त्या दिशी मी दळणाला गेल्ते. गिरणीत लाइट नव्हती, म्हणून येळ झाला. आले तर हत्यारं मांडलेली अन् दादा त्या खांबाला टेकून बसलेला. म्हणलं, बसला कसा आज? उभा असतो की.” त्या थांबल्या. “मोजायचं ऱ्हाऊन गेलं.”

त्या उठल्या आणि आतून एक कापडी पिशवी घेऊन आल्या. तीच पिशवी. “ही तूच ने. माझ्या काय कामाची?”

पिशवीत हत्यारे होती. जुन्या बाजारातून घेतलेली, परंतु प्रत्येकाची मूठ नवीन बसविलेली. त्यांच्याखाली माझे पोस्टकार्ड होते. घडी पडू नये म्हणून ते दोन पातळ फळ्यांच्या मध्ये ठेवले होते.

मी हत्यारे एकेक करून काढली. सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि ओट्यावर मांडली. धारा भिंतीकडे, मुठी माणसाकडे. मग ओट्याखाली उतरून, दोन पावले मागे सरून, मी हात जोडले. अडीच महिन्यांपूर्वी, फळ्यांच्या थप्पीजवळ, आधी जोडण्याचा मान ज्याचा होता त्याने ते आज जोडले. नंतर मी मोठ्याने, जमादाराच्या चालीवर, मोजू लागलो.

“करवत एक. रंधा एक. पटाशी दोन. मोगरी एक. गुण्या एक. हातोडी एक. सात.”

पुढचे दोन शब्द मला उच्चारता येईनात. मी मान खाली घालून तसाच उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. शेजारची एक बाई कुंपणावरून पाहून गेली.

गयाबाई चुलीपासून उठून दाराशी आल्या. हात पिठाने भरलेले होते. त्यांनी ओट्यावरील हत्यारांकडे पाहिले, बोटाने एकेक मोजले, आणि मग माझ्याकडे पाहिले.

“भरली रे,” त्या म्हणाल्या. “ये आता घरात. भाकरी निवतीय.”